पावण्याच्या खोलीची कडी

घरातला गूळ संपला होता, म्हणून रात्री जेवण झाल्यावर मी गुऱ्हाळावर गेलो. काम एवढंच होतं. अर्धी ढेप घ्यायची आणि परत यायचं.

शुक्रवार होता, एकोणीसशे एकोणपन्नासच्या जानेवारीची एकवीस तारीख. थंडी अशी की बोटं वाकत नव्हती. काशीला सहा वर्षं शिकून मी नुकताच गावी परतलो होतो. आमचं गाव वाईच्या अलीकडे, महाबळेश्वरच्या वाटेवर. मोटार बिघडली, चालणारा थकला, की माणसं रात्री आमच्या रस्त्याला अडकतात आणि जात विचारून ओटी देणारेच जास्त भेटतात. मी ठरवलं होतं, घराच्या पुढल्या दोन खोल्या कुणाही वाटसरूला द्यायच्या. थोडं भाडं, जातीची चौकशी नाही, दार सगळ्यांना उघडं. पहिली माणसं सोमवारी यायची होती.

गुऱ्हाळावर उसाच्या रसाची शेवटची काहील उकळत होती. सयाजीतात्या चुलवाणासमोर पोत्यावर बसले होते. तात्या म्हणजे आमच्या भागातले गूळ करण्यात नावाजलेले गुळवे. त्याआधी पलटणीत होते, इटलीपर्यंत लढून आलेले. माझा बालमित्र गुंडा चुलवाणात चिपाडं सारत होता.

"मास्तर, ढेप कशाला?" तात्यांनी विचारलं. शिकून आल्यापासून ते मला मास्तर म्हणत. "लगीन ठरलं का काय?"

"पाहुण्यांना गूळपाणी द्यायला."

"तात्या, ह्यानं वाटसरूंसाठी उतारा काढलाय," गुंडा म्हणाला. "गंगेचं पाणी पिऊन आलाय न्हवं. आता कुणीबी या, कसंबी या. उद्या चोर आला तर त्याला उशी दील."

"देईन की," मी म्हणालो. "माणसानं माणसाला दार उघडायचं. त्यात शिकण्यासारखं काय आहे?"

तात्या हसले. "लय हाय शिकण्यासारखं. खोलीला कडी कुठनं लावलीस?"

"दोन्हीकडून. सुतारानं कालच बसवली."

तात्यांचं हसू गेलं. त्यांनी काहिलीवरची मळी झाऱ्यानं काढली आणि झारा बाजूला ठेवला.

"भाईरची काढ," ते म्हणाले. "उद्या सकाळी. सुताराची वाट बघू नगंस."

"का?"

"बस खाली. गुंड्या, जाळ कमी कर."

मग त्यांनी जे सांगितलं, ते मी इथे लिहितो.

तात्यांच्याच कंपनीत नानासो नावाचा एक जवान होता. दोघांनी एका खंदकात दोन हिवाळे काढलेले. लढाई संपली, पलटणीतून नाव कमी झालं आणि सेहेचाळीसच्या शिमग्याच्या सुमारास नानासो लोणंदला स्टेशनरस्त्यावर घर करून राहिला. घर साधंच. पुढे ओटी, मागे चूल, आणि ओटीच्या उजव्या हाताला एक खोली, गजाची खिडकी असलेली. लोणंदला रात्रीच्या गाडीनं उतरणारा माणूस फलटणकडे जायला सकाळपर्यंत अडकतो. फलटणकडून आलेला पहाटेच्या गाडीसाठी अडकतो. नानासोनं ती खोली उतारूंना द्यायला सुरुवात केली. बायको बनुबाई, हातची भाकरी अशी की कांद्याचे व्यापारी आडतीवरचं जेवण सोडून यायचे.

पण पहिल्या महिन्यात माणसं पळायची. भाकरीला नावं ठेवून नव्हे, नानासोला भिऊन. हा पहाटे पाचला शिट्टी फुंकून पाहुणे उठवायचा. अंथरूण चौकोनी घडी करून घ्यायचा. एका म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं बनुबाईला हात जोडले, "बाई, मी कांदं इकायला आलोया. भरती व्हायला न्हाई."

बनुबाईनं शिट्टी चुलीत घातली.

खरं शिकली ती. चालत आलेल्याला आधी पायावर ऊन पाणी. बाईमाणूस उतरली तर तिचं अंथरूण चुलीपाशी, आपल्याजवळ. वाकळा दिवसाआड उन्हात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ती नवऱ्याला परत परत सांगायची, "आदी पाणी, मग गूळ, मग भाकरी. नाव त्याच्या मागनं. आन् एका पावण्याची गोष्ट दुसऱ्याला सांगायची न्हाई. कोण आलाय, कुठं निजलाय, ते आपल्या पोटात."

"व्हय व्हय," नानासो म्हणायचा.

दसऱ्याच्या आधी एक पाहुणा रात्रीतून नाहीसा झाला. जाताना बनुबाईच्या आईनं शिवलेली वाकळ घेऊन गेला आणि पितळेचा तांब्याही. बनुबाई रडली, तेवढ्यापुरतीच. नानासोचं डोकं फिरलं. त्यानं खोलीच्या दाराची आतली कडी उचकटली आणि तीच बाहेरून ठोकली. आत काही ठेवलं नाही.

"आवं, पावण्याला कोंडतासा व्हय?" बनुबाई म्हणाली. "ती काय जनावरं हायती?"

"पलटणीत गेटावर संत्री असतो. आत आलेला माणूस इचारल्याबिगर भाईर जात न्हाई."

"आन् रातीला भाईर जायाला लागलं तर?"

"हाक मारायची. मी हायच की."

तात्या इथे थांबले. गुंडा हसायच्या बेतात होता, पण हसला नाही.

दिवाळी झाली. बनुबाईच्या बहिणीचं बाळंतपण होतं, म्हणून ती फलटणला माहेरी गेली. नानासो घरी एकटा.

सोळा नोव्हेंबर, शनिवार. कार्तिक वद्य अष्टमी, चंद्र उगवायला मध्यरात्र व्हायची. रात्री साडेनऊला एक माणूस दारात आला. खांद्यावर घोंगडं, डोक्याला लाल मुंडासं, पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं पांढरे. माण तालुक्यातला धनगर. दोन दिवस चालत होता. नानासोनं पाणी दिलं, गूळ दिला, पिठलं-भाकरी वाढली. मग नाव विचारलं.

"ज्ञानू," तो म्हणाला. "पहाटंची गाडी धरायची हाय. सोमवारी साताऱ्याला कोरटात साक्ष हाय माजी."

"कसली?"

ज्ञानूनं भाकरीचा शेवटचा तुकडा ताटात फिरवला. "एका गरिबाला हिरीत ढकलून वरनं धोंडं घातलं. पाण्याच्या पाळीवरनं. मी वरच्या माळाला हुतो. बघितलं." मग तो म्हणाला, "मी एकटाच हुतो बघणारा."

निजायला जाताना त्यानं दार चाचपलं. वर हात फिरवला, खाली फिरवला.

"पावणं, आतनं कडी न्हाई व्हय?"

"भाईरनं हाय. मी लावतो. बिनघोर निजा."

ज्ञानू उंबऱ्यातच उभा राहिला. "आतनं असती तर बरं झालं असतं."

"मी पलटणीतला माणूस हाय. माज्या घरात मुंगी येणार न्हाई."

ज्ञानूनं मान हलवली. जेवलेल्या घराला नाही कसं म्हणायचं? तो आत गेला. नानासोनं कडी घातली.

साडेअकरा झाले असतील. दारावर थाप पडली. हळूच, अदबीनं. तिघं होते. स्वच्छ धोतरं, फेटे, चांगल्या घरची माणसं दिसत होती. घामाघूम. नानासोनं रिवाजाप्रमाणे पाणी दिलं. गूळ दिला. तिघांनीही खाल्ला. मोठा होता त्यानं तोंड पुसलं.

"आमचा मेंढक्या हाय हो. ज्ञानू. रुसून आलाय, मेंढरं वाऱ्यावर सोडून. त्याची म्हातारी रडतीया घरी. आलाय का इकडं?"

दुसरा हसून म्हणाला, "भाऊसो, आसंल तर इथंच. ह्या घरचं पाणी ग्वाड हाय."

तर मोठ्याचं नाव भाऊसो.

नानासोला वाटलं, आपण भलं करतोय. रुसलेला माणूस घरी जाईल. साक्षीची गोष्ट त्याच्या डोक्यात आलीच नाही. पाहुण्यांच्या तोंडाकडे बघून माणूस विचार करतो का? तो बोलला. तात्यांनी ते शब्द आम्हांला तसेच सांगितले.

"आत हाय. दमलाय बिचारा. हळू जावा."

आणि त्यानंच कंदील उचलला. त्यानंच कडी काढली.

दार उघडेना. आतून ज्ञानू दाराला पाठ लावून उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. आत कडी असती, तर निदान घटकाभर दार टिकलं असतं, रस्ता जागा झाला असता. तिघांनी खांदे लावले. दार एक वीत उघडलं. फटीतून ज्ञानूची बोटं बाहेर आली, चौकट धरून दार परत रेटायला. तिघांतल्या एकाच्या अंगावरच्या घोंगड्याआडून कुऱ्हाड निघाली. एकच घाव चौकटीवर बसला. तीन बोटं नानासोच्या पायाशी पडली.

मग दार उघडलं.

ज्ञानू ओरडला नाही. तो नानासोकडे बघून म्हणाला, "पावणं... मी तुमच्या घरात जेवलोय."

पहिला घाव खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज वाळकं लाकूड फोडावं तसा. तो बाजेवर पडला, बाज मोडली. दुसरा मानेवर. तो खिडकीकडे सरपटला, गज धरले, उरलेल्या बोटांनी. तिघं आळीपाळीनं मारत होते. कुणी घाई करत नव्हतं. भिंतीवर, आढ्यावर, नानासोच्या सदऱ्यावर, कंदिलाच्या काचेवर रक्त उडालं. काच तडकली. उजेड लाल झाला.

नानासोनं इटलीत संगिनीनं माणसं मारली होती. त्या रात्री त्याचे पाय हलले नाहीत.

"कंदील त्याच्याच हातात हुता, मास्तर," तात्या म्हणाले. "मारणाऱ्यास्नी उजेड त्यानंच दावला."

तिघांनी अंगणात हात धुतले. रांजणातलं पाणी घेऊन कुऱ्हाड धुतली. भाऊसो परत ओटीवर आला.

"तू काय बघितलंस?"

"...काय न्हाई."

"श्याना हायस. बायकू म्हायेराला हाय न्हवं तुजी? फलटणला? समदं इचारूनच आलोय. येऊ दे सुखरूप."

नानासोनं रक्ताचा सदरा चुलीत जाळला. सकाळी फौजदार आला. नानासोनं सांगितलं, मी झोपलो होतो. काही ऐकलं नाही. कोण आलं माहीत नाही. सोमवारी साताऱ्याला कोर्टात साक्षीदाराच्या नावाचा पुकारा झाला असेल. उत्तर द्यायला कुणी नव्हतं.

बुधवारी बनुबाई परतली. नवऱ्यानं तिलाही तेच सांगितलं. ती त्या माणसासाठी हळहळली, ज्याला तिनं पाहिलंही नव्हतं. "कुणी वाढलं हुतं त्याला शेवटचं?" तिनं विचारलं. "तुमीच न्हवं? पोटभर वाढलंतासा का?"

"व्हय."

तिनं खोलीची भुई खरवडून काढली, नवी माती घातली, चोपली, सारवली. दुसऱ्या दिवशी काळा डाग वर आला. परत सारवली. परत आला. शनिवारी संध्याकाळी तिनं तिसऱ्यांदा शेण कालवलं आणि खोली कोपऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत सारवून काढली. दार ओढून बाहेरची कडी घातली. नानासो घासभर जेवला आणि उठला. त्या आठवड्यात तो असाच जेवत होता.

तेवीस नोव्हेंबर, शनिवार. अमावस्या.

पावणेअकराची गाडी गेली. स्टेशनरस्ता सामसूम झाला. दोघं ओटीवर निजले होते. नानासोच्या मनगटावर लढाईतलं घड्याळ होतं. त्यात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती, हे त्याला पक्कं आठवतं, कारण तो जागाच होता.

बाहेरून हाक आली. "उतारा मिळंल का?"

बनुबाई उठून बसली. रात्रीच्या हाकेला तिसऱ्या खेपेशिवाय ओ द्यायची नाही, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. ती थांबली.

"उतारा मिळंल का?"

"उठू नगंस," नानासो कुजबुजला.

"उतारा मिळंल का... पावणं?"

तिसरी हाक. भूत तिसऱ्यांदा हाक मारत नाही म्हणतात. बनुबाईनं दिवा घेतला आणि दार उघडलं.

कुणी नव्हतं.

रस्ता मोकळा. कुत्रं नाही. वारा नाही. दिव्याची ज्योत मात्र आडवी झाली, कुणी शेजारून आत गेल्यासारखी. बनुबाई घाबरली, पण हातची सवय सुटेना. तिनं फुलपात्रात पाणी आणलं, गुळाचा खडा आणला, उंबऱ्यावर ठेवला. "कोण आसंल ते पिऊन जावो," ती म्हणाली. दार लावलं.

वळते तो पाणी पिण्याचा आवाज आला. घोट... घोट... तहानलेल्या माणसाचा. दाराच्या आतून.

फुलपात्र बाहेर होतं.

मग बंद खोलीत बाज करकरली. त्या खोलीत बाज नव्हती. मोडलेली बाज नानासोनं जाळून टाकली होती.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले...

अंगणात पावलं वाजली. एकाची नव्हेत. तिघांची. नव्या वहाणांची करकर. दाराशी आली. थांबली. आणि मग, दाराबाहेरून, बनुबाईनं आपल्या नवऱ्याचा आवाज ऐकला.

"आत हाय. दमलाय बिचारा. हळू जावा."

नवरा तिच्या शेजारी बसला होता. ओठ मिटलेले.

"आवं..." ती म्हणाली.

कडी वाजली. खोलीची. ती जागची हललेली नव्हती, दोघांना दिसत होती. पण काढल्याचा आवाज आला.

चौकटीवर घाव बसला. खण्ण.

नानासोनं किंचाळून डावा हात पोटाशी धरला. तीन बोटं मागे वळली होती, मोडल्यासारखी. मग काहीतरी त्याला धरून ओढू लागलं. केसांना. तो ओटीवरून फरपटत गेला, नखं भुईत रुतवत, आणि खोलीच्या बंद दारावर आदळला. एकदा. दोनदा. कपाळ फुटलं. रक्त डोळ्यांत उतरलं. बनुबाईनं त्याचे पाय धरले. तीही फरपटली.

आतून आवाज आला. शांत. जेवून उठलेल्या पाहुण्याचा.

"पावणं... कोण आलं हुतं?"

नानासो गप्प.

घाव. त्याचा खांदा खाली गेला. सदरा फाटला नाही. पण आत हाड मोडलेलं बनुबाईनं ऐकलं.

"कोण आलं हुतं?"

गप्प.

घाव.

"तुमी हुतासा," बनुबाई म्हणाली. "तुमी दार उघाडलं. तुमीच सांगिटलं त्यास्नी. आन् मला सांगिटलं, झोपलो हुतो..."

"ती तुला मारतील," नानासो रडत होता. "त्यांनी सांगिटलंय. तुला मारतील गं. तुज्यासाठी म्या..."

"माज्यासाठी?"

घाव. नानासोच्या तोंडातून रक्त आलं.

"माज्या नावावर घालू नगा!" बनुबाई ओरडली. "मारतील तर मारूद्यात. आपल्या घरचं पाणी पिलेला माणूस तुमी मारू दिला, आन् ते माज्या नावावर? बोला! कोण हुतं? बोला!"

दार थरथरत होतं. दोन्ही बाजूंनी. वरून माती गळत होती. दाराच्या फटीतून काहीतरी हळूहळू बाहेर येत होतं. बोटं... दोन.

"भाऊसो!" नानासो ओरडला. "भाऊसो नाव त्याचं! मोठा त्योच! दुसऱ्याच्या उजव्या कानात बाळी हुती! तिसऱ्याचं समोरचं दोन दात पडल्यालं! म्या बघितलं! म्या कंदील धरला हुता! म्याच कडी काढली! म्या सांगीन... कोरटात सांगीन..."

सगळं थांबलं.

नुसतं थांबलं.

दोघं उजाडेपर्यंत तिथेच बसून होते, एकमेकांना धरून. कुणी दिव्यात तेल घातलं नाही.

तात्या उठले. काहिलीत झारा फिरवून पाक बघितला, परत बसले. गुंडा चिपाडं सारायचं विसरला होता.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. उजाडताना तसाच उठला, रक्तानं माखलेला, फौजदाराकडं गेला. सगळं लिवून दिलं. आपली चूकबी. फौजदारानं तिघांस्नी धरलं. त्यांच्या भाऊबंदांनी मार्गशीर्षात नानासोला लोणंदच्या येशीबाहेर गाठला. काठ्यांनी पाय मोडला, दोन ठिकाणी. दात पाडलं. वड्यात टाकून गेलं, मेला म्हणून. बनुबाईनं हुडकून काढला."

"मग साक्ष?"

"बाजेवर घालून न्हेला साताऱ्याला. चौघांनी उचलला, त्यातला एक मी. बनुबाई बाजेसंगं चालत हुती. वकिलानं इचारलं, तू तर पयल्यांदा झोपलो हुतो म्हणून लिवून दिलंस, आता खरं बोलतोस कशावरनं? तर म्हणाला, सायेब, त्या रातीला मी भ्यालो हुतो. आता भ्यायचं शिल्लक काय ऱ्हायलं न्हाई." तात्यांनी नाक ओढलं. "तिघांस्नी जल्मठेप झाली. त्या साक्षीवर. म्हायेराला जाताना बनुबाई एकटी असती अजून. कुणी हात लावला न्हाई."

"आणि नानासो?"

"हाय की. लंगडतो. अजून उतारा चालवतो. आता खोलीला आतनं दोन कड्या हायती, भाईरनं एकबी न्हाई. कोण उतरलाय म्हणून इचारायला फौजदार आला, तरी आदी पावण्याला इचारून येतो."

काशीला असताना मी असल्या गोष्टींवर वाद घातले असते. मी म्हणालो, "तात्या, तो माणूस आठवडाभर जेवला नव्हता. अपराध मनाला खात होता. कपाळ त्यानंच आपटून घेतलं असेल. आवाज त्यानंच काढले असतील. बनुबाई घाबरलेली..."

"आसंल," तात्या म्हणाले. "तू शिकलेला हायस. मीबी तेच म्हणालो आसतो."

ते जाळाकडे बघत होते.

"एक सांगायचं ऱ्हायलं. त्या आयतवारी सकाळी मी लोणंदला बैल बघायला गेलो हुतो. फौजदारानं पंचनाम्याला दोन पंच धरलं, त्यातला मी एक. खोली उघडली ती आमच्यासमूर. कडी लावल्याली हुती. खिडकीचं गज जाग्यावर. अंगणात हवालदारानं आदीच बघितलं हुतं, नानासोच्या पावलांबिगर माणसाचं, जनावराचं, नवं पाऊल एकबी न्हवतं."

"बरं?"

"बनुबाईनं सांजला सारवल्याली भुई. कोपऱ्यापास्नं उंबऱ्यापतूर."

चुलवाणात एक चिपाड फुटलं. गुंडा दचकला.

"मेंढरांचं खूर..." तात्या म्हणाले. "भुईभर. भित्तीपास्नं भित्तीपतूर. एकावर एक, शेकड्यानं. धा मेंढरं मावायची न्हाईत त्या खोलीत. समदी खुरं दाराकडं तोंड करून. जशी काय रातभर तिथं उभी हुती... आयकत."

गुंडा चुलवाणापासून माझ्याजवळ सरकला.

"हवालदार लय येळ बघत ऱ्हायला. मग म्हणाला, ह्ये लिवायचं न्हाई. न्हाई लिवलं. पर म्या वाकून एका खुरात बोट घातलं, मास्तर. थंडीचं दिस. रातभरात भुई वाळून दगड झाली हुती. खुराच्या आत मातर ओल हुती..."

तात्यांनी आपलं बोट जाळासमोर धरलं आणि बघत राहिले.

"आन् ऊब."